बारा दिवसांची जर्मनी

हे लिहायला मी याआधी तीन वेळा बसलो आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी लिहून उठलो. एकदा कंपनीतल्या संपाबद्दल लिहिलं, एकदा पिंपरीतल्या आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीबद्दल. तिसऱ्यांदा तर ‘माझ्या विमानप्रवासाच्या गमती’ म्हणून चार पानं लिहिली आणि सांगवीच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात वाचूनही दाखवली. लोक पोट धरून हसले. घरी येऊन मी ती पानं फाडली. त्यात एक माणूस नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच ती गमतीची झाली होती.

सध्या आमच्या घरात बॅगा उघड्या पडल्या आहेत. मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जायचं आहे. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुरडयांचे डबे, नातीसाठी घेतलेली परकर-पोलकी, आणि या सगळ्याच्या मध्ये वजनकाटा अडकवून बॅग उचलणारी माझी बायको. ‘तेवीसच्या वर गेली हो, काढा काहीतरी,’ असं ती दिवसातून दहा वेळा म्हणते. मला या तयारीची शिसारी येते. तिला वाटतं वयामुळे मी चिडका झालोय. तिलाही खरं कारण मी कधी सांगितलेलं नाही.

मी चाकणच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग विभागाचा प्रमुख होतो. नावं लिहीत नाही, कंपनीचं नाही, गावाचं नाही, कुणाचंच नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. आमच्या विभागात एक ऑपरेटर होते. चाकणच्या पुढच्या एका गावातले, शेतकरी घरातले. जमीन कारखान्यात गेली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती त्यांना. सगळा विभाग त्यांना तात्या म्हणायचा. माझ्याहून वर्षभराने मोठे. समोर मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणायचो आणि केबिनमध्ये गेल्यावर ‘तो’.

तात्यांचा कान असा होता की मशीन चालू असताना पाठमोरे उभे राहून ते सांगायचे, ‘सायेब, व्हील खातंय एका अंगाला.’ मग आम्ही घासायच्या चाकाला मीटर लावायचो आणि मीटर तेच सांगायचं. मला त्याचाही राग यायचा. डिप्लोमा माझ्याकडे होता.

जर्मनीहून एक नवी मशीन येणार होती. अशी मोठी मशीन बोटीवर चढण्याआधी आपली माणसं तिथं जातात, आपला जॉब, म्हणजे घासायचा सुटा भाग, तिच्यावर लावून बघतात आणि सगळं ठीक असेल तर सही करतात. मगच ती निघते. दोघांनी जायचं होतं, प्लॅनिंगमधला एक इंजिनिअर आणि मशीन ज्याच्या हाताखाली चालणार तो ऑपरेटर. प्लँटचे मोठे साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, ‘ऑपरेटर म्हणून तात्याच जातील.’ मी मान डोलावली. माझ्या कपाटात नऊ वर्षांपूर्वी काढलेला पासपोर्ट होता. कोरा. दरवर्षी कुणीतरी जायचं आणि दरवर्षी मी त्यांच्या चॉकलेटांपैकी दोन घेऊन घरी यायचो.

तात्यांची तयारी माझ्यावर सोपवली गेली. ‘यांना जरा तयार करा,’ मोठे साहेब म्हणाले.

पासपोर्टपासून सुरुवात झाली. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. आमच्या पिढीत अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचा असतो, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिलेली असते. ऑफिसातल्या मॅडमनी फॉर्म भरताना विचारलं, ‘काका, खरी तारीख कुठली?’

‘खरी आईला म्हायती व्हती. ती गेली.’

‘मग एक जूनच लिहू?’

‘लिहा की. सरकारचा वाढदिवस तोच हाय.’

मग पिंपरी कॅम्पातून कोट शिवला. चाकांची लाल बॅग घेतली. लाल का, तर गर्दीत लांबून दिसावी म्हणून. आयुष्यभर कंपनीचे सेफ्टी शूज घातलेले, त्यामुळे नवे हलके बूट घालून ते शॉपफ्लोअरवर चार दिवस जरा उड्या मारल्यासारखे चालत होते. सगळे हसायचे, तेही हसायचे. मी हसत नव्हतो. मला ते सगळं ओंगळ वाटत होतं.

दुपारची गर्दी ओसरली की मी त्यांना कँटीनमध्ये काट्या-चमच्याने खायला शिकवायचो. समोर पुलाव. तात्यांच्या काट्यातून मटार निसटायचे आणि टेबलभर पळायचे. मागे भांडी गोळा करणारी मंडळी उभी असायची.

‘तात्या, पळाला बघा मटार!’

‘जर्मनीत मटार पळाला तर पोलीस येतो म्हणं.’

‘यिऊ दे की,’ तात्या म्हणाले. ‘त्यालाच इचारतो, मर्दा, तू ह्यो कसा धरतो ते दाव.’

मग तोच काटा बाजूला ठेवून त्यांनी टेबलावरचा एकेक मटार बोटाने उचलला आणि तोंडात टाकला. चहा बशीत ओतून फुर्रकन ओढला. माझ्या अंगावर काटा आला. एक दिवस ॲडमिन बिल्डिंगच्या स्वच्छतागृहातल्या कमोडवर बुटांचे दोन ठसे सापडले, आणि सफाईच्या मावशी माझ्या केबिनपर्यंत तक्रार घेऊन आल्या. मी तात्यांना बोलावलं. त्यांनी मान खाली घातली.

‘सायेब, बसून व्हत न्हाई मला. पर शिकतो.’

‘आणि ती तंबाखू? तिथं थुंकलात तर दंड होतो. कंपनीची अब्रू जाते.’

‘सोडतो,’ ते म्हणाले.

आणि सोडली. तीस वर्षांची तंबाखू त्या माणसाने एका वाक्यावर सोडली. खिशात लवंगा घेऊन फिरायचे. पहिल्या आठवड्यात हात कापायचे, चिडचिड व्हायची, डोळे लाल. मी हे रोज बघत होतो. तीन आठवड्यांत एकदाही त्यांनी पुडी उघडली नाही, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तिकिटं काढायच्या आधी माझ्याकडे एक फॉर्म आला. ‘विभागप्रमुखाचा अभिप्राय.’ सोबत मोठ्या साहेबांचा निरोप: काही अडचण असेल तर आत्ताच कळवा, ऑपरेटरच्या जागी तुम्ही जा. मंगळवार होता. मी केबिनचं दार लावून घेतलं. समोर काचेतून तात्या दिसत होते, मशीनला टेकून, लवंग चघळत. मी लिहिलं, ‘तंबाखूचे तीव्र व्यसन. सार्वजनिक ठिकाणी थुंकण्याची सवय. वारंवार सूचना देऊनही सुधारणा नाही. परदेशी पाठवणे उचित वाटत नाही.’ खाली सही केली. सही नेहमीपेक्षा चांगली आली, हे मला आजही आठवतं.

मला वाटलं होतं दोन दिवसांत निरोप जाईल आणि विषय मिटेल. पण कागद वर जाऊन खाली यायला आठवडा लागतो, आणि गावाला तेवढा धीर नसतो. शनिवारी तात्या माझ्या केबिनच्या दारात आले. ‘सायेब, उद्या आमच्याकडं यायचं. गावानं सत्कार ठिवलाय. न्हाई म्हणू नका.’

मी नाही म्हणायला हवं होतं. गेलो.

गावाच्या चौकात फ्लेक्स लागला होता. आमच्या भागात फ्लेक्स कशाचाही लागतो, वाढदिवसाचा, नव्या गाडीचा, सोसायटीच्या निवडणुकीचा. पण हा दोन मजली होता. वर निळ्या आभाळात विमान, मध्ये कोटातले, काळा गॉगल लावलेले तात्या, खाली वीस-पंचवीस शुभेच्छुकांचे गोल चेहरे. ‘आपल्या गावचे सुपुत्र यांची जर्मनी दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! समस्त ग्रामस्थ व मित्रपरिवार.’ स्पीकर लागलेला. तात्यांच्या बायकोने नवी साडी नेसली होती आणि ती सारखी पदर सावरत फ्लेक्सकडे बघत होती. जणू तो दुसऱ्या कुणाचा नवरा असावा.

मला खुर्चीवर बसवलं. शाल घातली, नारळ दिला. सरपंच म्हणाले, ‘ज्या सायबांनी आमच्या मानसाची कदर केली...’ मग मला बोलायला उभं केलं आणि मी बोललो. दहा मिनिटं बोललो. ‘तात्या म्हणजे आमच्या विभागाचा कान’ असं म्हणालो, टाळ्या पडल्या. माझा अभिप्राय तेव्हा मोठ्या साहेबांच्या टेबलावर होता. जेवताना तात्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने पुरणपोळी वाढली. तिच्यावर तूप ओतलं. मी ती खाल्ली, दुसरीही घेतली.

त्यांना सोमवारी दुपारी कळलं. ऑफिसनं सांगितलं, ‘वरून नाव कमी झालंय.’ वरून म्हणजे कुठून, हे कुणी सांगत नाही आणि तात्यांसारखी माणसं विचारत नाहीत. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर ते केबिनमध्ये आले. मी सगळी वाक्यं तयार ठेवली होती. हेड ऑफिस, व्हिसाचा नियम, वयाची अट. एकही लागलं नाही.

‘तुमी जाताय म्हणं माज्या जागी,’ ते म्हणाले. ‘ब्येस झालं. आपल्याच इभागातलं कुणीतरी जातंय.’

मी टेबलावरचे कागद नीट करत राहिलो.

‘एक काम हाय सायेब. गावात मी सांगू शकत न्हाई. त्यो फ्लेक्स उतरवायचा कसा? मंडळी तर दोन दिस जेवायची न्हाई. तवा मी जातो म्हणूनच घरातनं निघतो. बारा दिस कुटंतरी ऱ्हायाची सोय बगा. रजा टाकलीय.’

पुनावळ्यात माझा एक फ्लॅट नुकताच ताब्यात आला होता. वीज होती, पाणी टँकरचं, फर्निचर काहीच नाही. मी ड्रॉवरमधून किल्ली काढून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. त्या वेळी मला वाटलं, चला, काहीतरी फेड झाली. इतका मी हलका होतो.

ज्या दिवशी मी निघालो, त्याच दिवशी तेही निघाले. गावाने त्यांना वाकडपर्यंत सोडलं, हार घातले, बायकोने ओवाळलं. मंडळी परत फिरल्यावर ते लाल बॅग ओढत रिक्षाने पुनावळ्याला गेले.

जर्मनीबद्दल मी संघात जे वाचलं होतं त्यात विमानातल्या शौचालयाचा किस्सा होता, तो हास्याचा. खरं असं झालं की मला पाणी सोडायचं बटण सापडलं नाही आणि मी घाण तशीच टाकून, दार ढकलून बाहेर आलो. बाहेर एक गोरी म्हातारी उभी होती. तिने आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी झोपेचं सोंग घेऊन सहा तास बसलो. जेवणाच्या ट्रेमधला छोटा काटा मी खिशात घातला होता. हॉटेलातून साबण आणले, एक टॉवेल आणला. मटार उचलून खाणाऱ्या माणसाची मला किळस आली होती.

तिथं मशीनवर आमचा जॉब लावला. चार दिवस ट्रायल. मापं बरोबर आली. आवाज कसा होता म्हणाल तर मला काही ऐकू आलं नाही. कानात फक्त परतीच्या खरेदीची यादी होती. इंजिनिअरने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि सही झाली.

परत आलो तेव्हा मुंबईहून गाडीने दुपारी चारला वाकडच्या पुलाखाली उतरलो. ठरल्याप्रमाणे तात्या तिथं होते. कोट घातलेला, दाढी केलेली, लाल बॅग शेजारी. बारा दिवस घरात बसून थोडे गोरेही झाले होते. मी चॉकलेटांची पिशवी दिली. ती त्यांनी बॅगेत ठेवली. बॅगेत कपड्यांखाली वर्तमानपत्रं भरली होती, फुगलेली दिसावी म्हणून.

‘बायकोला फोन क्येला एक बार तुमच्या फ्लॅटातनं,’ ते हसत म्हणाले. ‘म्हणलं लई थंडी हाय. ती म्हणली, स्वेटर घाला. मी घामानं भिजलो व्हतो सायेब.’ मग माझ्या बॅगेकडे बघून हळूच म्हणाले, ‘ती चिठ्ठी घिऊ का?’

विमान कंपनीने बॅगेच्या मुठीला लावलेली पट्टी. मी हो म्हणालो. त्यांनी ती नखाने सोडवली, जराही न फाडता, आणि आपल्या लाल बॅगेच्या मुठीला गुंडाळली. पट्टीवर माझं नाव छापलं होतं. ते त्यांनी वाचलं असणार. नावाची बाजू आत दुमडून त्यांनी वरून अंगठ्याने दाबली.

‘आता आलो बगा मी,’ ते म्हणाले.

पुलापलीकडे गावाची जीप हॉर्न वाजवत उभी राहिली. मी खांबाआड सरकलो.

त्या रविवारी पुनावळ्याला गेलो. फ्लॅट ताब्यात घेताना फरशीवर रंगाचे, सिमेंटचे इतके डाग होते की बिल्डरशी मी भांडलो होतो. आता एकही नव्हता. खोल्याखोल्यांतून फरशी आरशासारखी. खिडकीत वापरून बोथट झालेली दोन ब्लेडं कागदात गुंडाळून ठेवलेली. पुलाखाली किल्ली परत देताना तात्या एवढंच म्हणाले होते, ‘बसून काय करायचं.’ बारा दिवस तो माणूस गुडघ्यांवर बसून माझी फरशी खरवडत होता. मी बूट काढून आत गेलो आणि मग बाहेर येऊन पायऱ्यांवर ओकलो. बायकोला प्रवासाचं जेवण बाधलं असं सांगितलं.

मशीन तीन महिन्यांनी चाकणला आली. बसवली, चालू केली. तात्यांनी पहिला जॉब लावला, पाच मिनिटं उभे राहिले, आणि मशीन थांबवली.

‘सायेब, हिचा आवाज तितं बी असाच व्हता का?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘तिथं ठीक होती.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान डोलावून पुन्हा मशीन चालू केली. तो आवाज पुढे आम्हाला चार महिने पुरला. जॉब नाकारले गेले, बैठका झाल्या, आणि एका बैठकीच्या कागदावर कारण म्हणून ‘ऑपरेटरला नव्या मशीनची सवय नाही’ असं लिहिलं गेलं. ते मी लिहिलं नव्हतं. ते खोडलंही नाही.

नंतर ते निवृत्त झाले, मग मी. मधल्या वर्षांत त्यांच्या घरच्या दोन लग्नांची बोलावणी आली, मी पाकीट पाठवलं. गेलो नाही.

या वेळी बॅगा निघाल्या आणि मला राहवेना. गेल्या गुरुवारी बायकोला डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलं आणि सांगवीहून कॅब करून तात्यांच्या गावी गेलो. रस्ताभर वाक्यं घोकत होतो. चौकात आता दुसरेच फ्लेक्स होते.

तात्या ओसरीवर खाटेवर बसले होते. वाळलेत. मला बघून उठायला लागले, मी खांदा धरून बसवलं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, हे तेव्हा कळलं. सुनेने पाणी आणलं, चहा ठेवला. चहा कपात आला. तात्यांनी तो बशीत ओतला नाही, कपाने प्यायले.

‘तंबाखू?’ मी विचारलं. का विचारलं ते माहीत नाही.

‘तवा सोडली ती सोडलीच की,’ ते म्हणाले.

आम्ही ऑस्ट्रेलियाला निघालोय म्हटल्यावर सून दाराशी येऊन उभी राहिली. ‘मामंजी पण गेले होते ना, जर्मनीला. आम्हाला किती सांगतात. बर्फ गुडघ्याएवढा होता म्हणे.’

‘सायेबांना इचार,’ तात्या म्हणाले. ‘संगंच व्हतो आमी.’

सून माझ्याकडे बघत होती. तात्या माझ्याकडे बघत नव्हते. ते कपाच्या तळाशी बघत होते.

‘हो,’ मी म्हणालो. ‘गुडघ्याएवढा. आणि तात्या तिथल्या लोकांना मशीनचं सांगत होते, तेच थक्क झाले.’

‘आत्याबाई तर शेवटपर्यंत ती बॅग कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत,’ सून म्हणाली आणि वर बोट दाखवलं. माळ्यावर लाल बॅग होती, रंग उडालेली. मुठीला ती पट्टी तशीच, पिवळी पडलेली, नावाची बाजू आत.

मी उठलो. तात्या काठी घेऊन कॅबपर्यंत सोडायला आले. अंगणात आम्ही दोघंच होतो, सून आत कप विसळत होती. मी थांबलो, त्यांच्याकडे वळलो, तोंड उघडलं.

‘सायेब,’ तेच आधी बोलले, ‘बॅगंला रंगीत दोरी बांदा. त्या फिरत्या पट्ट्यावर समद्या बॅगा सारख्याच दिसत्यात. दुसऱ्याची उचलून न्याल.’

हे त्यांना मीच सांगितलं होतं, वाकडच्या पुलाखाली, घरी विचारलं तर सांगता यावं म्हणून.

‘बांधतो,’ मी म्हणालो, आणि कॅबमध्ये बसलो.

चाकणच्या चौकात गाडी बराच वेळ अडकली होती. घोकलेली वाक्यं तेव्हा पुन्हा आठवली, सगळी, क्रमाने. तात्या, तुमचं नाव वरून कमी झालं नव्हतं. ते मी कमी केलं. तुम्ही तंबाखू सोडलेली मला माहीत होती आणि तरी मी तसं लिहिलं. आवाज तिथंही असाच असणार, मी ऐकलाच नाही, तो तुम्हीच ऐकायला हवा होता. मला माफ करा.